मुलाखत घेणाऱ्यांची तयारी कोण तपासणार?

शिक्षकाच्या मुलाखतीची तयारी कशी करावी, हे सांगायला ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडमध्ये सगळेच पुढे असतात. क्लासवाले सांगतात, दोन वर्षांपूर्वी नोकरीला लागलेला चुलतभाऊ सांगतो, झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभा असलेला अनोळखी माणूसही सांगतो. फाइल नीट लावा. दहावीपासूनच्या गुणपत्रिका क्रमाने ठेवा. कपडे इस्त्रीचे घाला. परवानगी विचारून आत जा. नजर खाली घालू नका. ‘स्वतःबद्दल सांगा’ याचं उत्तर पाठ करून जा.

हे सगळं उमेदवाराला. टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्या चार-पाच जणांनी काय तयारी करून यावं, हे मात्र कोणी सांगत नाही. त्यांची फाइल कोणी उघडून बघत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. या दोन तालुक्यांत शिक्षक निवडताना जास्त कच्ची असते ती मुलाखत घेणाऱ्यांची तयारी. ते चुकीचे प्रश्न विचारतात, म्हणून उमेदवार चुकीचा अभ्यास करतात. आणि या दोन्ही चुकांची किंमत मुलाखतीच्या खोलीत कधीच नसलेलं पाड्यावरचं मूल पुढे कित्येक वर्षं मोजत राहतं.

मुलाखत होते कुठं?

आधी एक गैरसमज दूर करू. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक व्हायला मुलाखत लागत नाही. आधी शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी उत्तीर्ण व्हायचं. मग शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे टेट द्यायची. २०० प्रश्न, २०० गुण, १२० मिनिटं, समोर संगणक. त्या गुणांवर पवित्र पोर्टलमधून निवड होते. पोर्टल २०१७ साली आलं. पहिली चाचणी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाली, दुसरी २०२३ मध्ये, तिसरी २०२५ मध्ये. पहिल्या आणि दुसऱ्या चाचणीमध्ये पाच वर्षांहून जास्त काळ गेला. डी.एड. झालेली कितीतरी मुलं-मुली त्या काळात दुकानात, गोदामात, मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला लागली.

मुलाखत होते ती खासगी अनुदानित संस्थांमध्ये. मुलाखतीसह भरती की मुलाखतीशिवाय, हा पर्याय संस्थांना पोर्टलवर असतो. मुलाखतीसह म्हटलं की पोर्टलवरून उमेदवार येतात आणि संस्था मुलाखत व अध्यापन कौशल्य पाहून निवडते. याशिवाय विनाअनुदानित शाळा आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा आहेत. तासिका तत्त्वावर माणसं घेणारी कनिष्ठ महाविद्यालयं आणि आश्रमशाळा आहेत. तिथं एका दुपारी, एका खोलीत, पाच-दहा मिनिटांत निकाल लागतो.

पोर्टल आणलं गेलं ते भरतीतला पैशाचा खेळ थांबवायला. पण परीक्षेची वाटही स्वच्छ राहिली नाही. टीईटीतल्या गैरव्यवहारात डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांना अटक केली. २०१९-२० च्या परीक्षेतल्या सात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. तेव्हा ‘मुलाखत बंद केली की सगळं सुधारेल’ हे खरं नाही. ‘परीक्षा पुरेशी आहे’ हेही खरं नाही. परीक्षेत संगणकासमोर बसलेला माणूस दिसतो, वर्गासमोर उभा राहिलेला शिक्षक दिसत नाही. तो दिसण्याची एकच जागा आहे, मुलाखत. म्हणूनच ती वाया घालवणं हा अपराध आहे.

हे प्रश्न बंद करा

या खोल्यांमध्ये काय विचारतात, ते बाहेर आलेल्या कुणालाही विचारा.

मुलींना पहिला प्रश्न: लग्न झालं का? झालं असेल तर मूल किती वर्षांचं? नसेल तर कधी करणार? सासर कुठलं? नवऱ्याची बदली झाली तर? पुरुष उमेदवाराला यातला एकही प्रश्न येत नाही. मूल त्यालाही असतं. त्याचीही बायको नोकरी करते. हा प्रश्न शिकवण्याच्या कामाशी संबंधित नाही. तो विचारणाऱ्याने आपण शाळा चालवतो याचं भान सोडलेलं आहे.

दुसरा: कुणाकडून आलात? म्हणजे कोणत्या पुढाऱ्याची चिठ्ठी आहे? चिठ्ठी नसलेली मुलगी तिथंच खचते. नंतर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तिला येत असूनही देता येत नाहीत.

तिसरा: संस्थेसाठी तुम्ही काय करू शकाल? हा प्रश्न ऐकायला सभ्य आहे. त्याचा अर्थ अनेकदा पैसा असतो, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळतं. शेत गहाण टाकून नोकरी घेतलेला शिक्षक वर्गात उभा राहतो तेव्हा त्याच्या डोक्यात हप्ता असतो. त्याला दोष देण्याआधी पैसे मोजून घेणाऱ्याला दोष द्या. देणगी मागणाऱ्या संस्थेने संस्थापकाच्या जयंतीला शिक्षणमहर्षींच्या तसबिरीला हार घालू नये.

चौथा प्रकार पाठांतराचा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ काय सांगतं? मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला बंदी. उत्तर बरोबर, पाच पैकी पाच. पण मधल्या सुट्टीत एका मुलाने दुसऱ्याच्या डोक्यात दगड घातला, पालक दारात उभे आहेत आणि सगळा वर्ग तुमच्याकडे बघतोय, तर पहिल्या दोन मिनिटांत काय कराल? हे कुणी विचारत नाही. कायदा पाठ असलेला माणूस दुसऱ्या आठवड्यात हातात छडी घेऊन उभा दिसतो. मग सगळ्यांना आश्चर्य वाटतं.

हे प्रश्न विचारा

शहापूर हा पूर्ण तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडचा काही भाग आहे. वर्गात ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी समाजाची मुलं आहेत. त्यांच्या शेजारी बाकावर आगरी, कुणबी शेतकऱ्याचं मूल आहे आणि कारखान्यात कामाला आलेल्या बाहेरगावच्या कुटुंबाचंही. इथला शिक्षक निवडायचा तर इथले प्रश्न विचारायला हवेत. पुण्याच्या गाइडमधले प्रश्न पुण्यात ठेवा.

पहिला प्रश्न स्थलांतराचा. दिवाळीनंतर वर्गातली आठ मुलं आई-बापांबरोबर वीटभट्टीवर गेली. तुम्ही काय कराल?

तयार उत्तर ठरलेलं आहे: पालकांचं प्रबोधन करू. हे उत्तर ऐकल्यावर मान डोलावणारा परीक्षक स्वतः नापास आहे. कातकरी कुटुंब भट्टीवर जातं ते पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला. त्यांना शाळेचं महत्त्व ठाऊक नाही म्हणून नव्हे. घरी मूल ठेवायला माणूस नाही. पोट भरायला दुसरं काम नाही. प्रबोधनाने उचल फिटत नाही.

चांगलं उत्तर वेगळं असतं. दसऱ्याच्या आधीच कोणतं कुटुंब कुठं जाणार याची यादी करीन. भिवंडीला जाणार की कल्याणला, मुकादम कोण, त्याचा फोन नंबर लिहून घेईन. शिक्षण हमी कार्ड भरून मुलाच्या हातात देईन आणि भट्टीजवळच्या शाळेतल्या शिक्षकांना स्वतः फोन करीन. कुणी आजी-आजोबा पाड्यावर मागे राहणार असतील तर हंगामी वसतिगृहाची सोय होते का, ते पाहीन. मूल जूनमध्ये परत आलं की ‘इतके दिवस कुठं होतास’ असं वर्गासमोर विचारणार नाही. त्याला जिथं सोडलं होतं तिथून धरीन.

हे स्वप्नरंजन नाही. याच ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा चालवल्या. मजूर ज्या तात्पुरत्या झोपड्यांत राहतात, त्या भोंग्यांजवळच शाळा भरवली. मूल शाळेत येत नाही तर शाळा भट्टीवर गेली. मुलाखतीला बसणाऱ्या उमेदवाराला हे ठाऊक हवं. मुलाखत घेणाऱ्याला तर हवंच हवं.

दुसरा प्रश्न दोन शिक्षकांच्या शाळेचा. पहिली ते चौथीच्या शाळेत साठपर्यंत मुलं असतील तर कायद्याने दोन शिक्षक. त्यातला एक केंद्राच्या बैठकीला गेला, मतदार यादीच्या कामाला गेला किंवा आजारी पडला की चार वर्ग एका माणसावर. डी.एड.ला शिकलेला पाठ एका वर्गाचा, ३५ मिनिटांचा. इथं पहिलीतल्या मुलाला अक्षर गिरवायचंय, चौथीतल्या मुलीला भागाकार अडलाय, दोघंही एकाच खोलीत. उमेदवाराला कागद द्या आणि सांगा: उद्या साडेदहा ते बारा तुम्ही एकटे आहात, चार वर्गांचं नियोजन लिहा. दहा मिनिटं द्या. कोण शिकवू शकतो, ते त्या कागदावर दिसेल. मोठ्या मुलांना छोट्यांच्या गटाबरोबर बसवणारा, स्वतः करता येईल असं काम आधी लावून देणारा, मग ज्याला सर्वांत जास्त गरज आहे त्याच्याजवळ जाऊन बसणारा शिक्षक लगेच वेगळा निघतो.

तिसरा भाषेचा. घरी कातकरी किंवा ठाकरी बोलणारं मूल पहिल्या दिवशी शाळेत येतं आणि बालभारतीच्या पुस्तकातली मराठी त्याला परकी वाटते. ते गप्प बसतं. कच्चा शिक्षक नोंद करतो, ‘मूल बुद्धीने मंद’. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं, शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत शिक्षणाचं माध्यम घरची भाषा असावं. धोरण छापून झालं. उमेदवाराला विचारा, मुलाची भाषा तुम्हाला येत नसेल तर पहिल्या महिन्यात काय कराल? ‘मुलांकडून, त्यांच्या आयांकडून शिकून घेईन, त्यांच्या गोष्टी त्यांच्याच भाषेत सांगायला लावीन, त्या फळ्यावर लिहीन’ असं म्हणणाऱ्याला घ्या. ‘त्यांची भाषा सुधारीन’ म्हणणाऱ्याला घेऊ नका.

चौथा मुलींचा. हा प्रश्न ऐच्छिक ठेवू नका. २०२५ च्या जुलैमध्ये शहापुरातल्या एका खासगी शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींना मासिक पाळीवरून विचारणा झाली आणि कपडे उतरवायला लावून त्यांना तपासलं गेलं. पालक रस्त्यावर आले, गुन्हा दाखल झाला, मुख्याध्यापिकेला अटक झाली. देशभर बातमी झाली.  हे करणाऱ्या माणसांनाही कुणीतरी निवडून घेतलं होतं.

त्यानंतर या तालुक्यातल्या प्रत्येक मुलाखतीत हे विचारायला हवं: वर्गात मुलीच्या कपड्याला डाग पडला, मुलं हसली, तुम्ही काय कराल? उमेदवार पुरुष असो वा स्त्री, उत्तर द्यावंच लागेल. जो लाजतो, त्याला शिकवता येईल. जो म्हणतो ‘हे मॅडम बघतील’, त्याला अजून बरंच शिकायचंय. मुलीला बाजूला घेऊन धीर देणारा, पॅड कुठं ठेवलंय हे आधीपासून माहीत असलेला आणि दुसऱ्या दिवशी मुलगे-मुली दोघांशी शरीराबद्दल साध्या शब्दांत बोलू शकणारा माणूस हवा. आणि हा प्रश्न विचारण्याआधी संस्थेने आपल्या शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का, ते बघून यावं. भातसा आणि तानसा ज्या तालुक्यात आहेत, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. मार्चनंतर मुली हंडा घेऊन विहिरीवर असतात आणि हजेरीपटावर गैरहजर.

पाचवा प्रश्न राहण्याचा. हा आजही विचारला जातो, पण दमदाटीच्या सुरात: मुख्यालयी राहणार का? उमेदवार ‘हो’ म्हणतो. दोघांनाही माहीत असतं की हे ‘हो’ खरं नाही. घरभाड्यासाठी ग्रामसभेच्या ठरावाचा कागद लागतो, तो मिळतो, आणि शिक्षक कल्याणहून, बदलापूरहून रोज येत राहतो. कसारा लोकलने आसनगाव, तिथून एसटी नाही तर जीप, पुढे डोळखांब किंवा किन्हवली. मुरबाडला तर रेल्वेच नाही. पावसात ओढा भरला की शाळा बंद.

खोटं ‘हो’ वदवून घेण्यापेक्षा खरी चर्चा करा. गावात भाड्याची खोली आहे का? पाणी आहे का? एकट्या मुलीला राहायला सुरक्षित जागा आहे का? नसेल तर संस्था काय देणार? निवासाची अट घालणाऱ्याने निवासाची व्यवस्था सांगावी. हे सांगितल्यावर जो उमेदवार राहतो म्हणेल, त्याचं ‘हो’ विश्वासाचं.

आपल्याच जिल्ह्यातले धडे

चांगला शिक्षक कसा ओळखावा, यासाठी परदेशी पुस्तकांची गरज नाही. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाकडे बघा. जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी गावातल्या म्हाताऱ्या बायकांचं म्हणणं ऐकलं. शिवचरित्राचं वाचन गावात होतं, पण आम्हाला स्वतः वाचता येत नाही, ही त्यांची खंत होती. ८ मार्च २०१६ ला, महिला दिनी, आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी साड्या नेसून, पाटी-दप्तर घेऊन शाळेत बसल्या. जगभरातून पत्रकार आले.

यात शिकण्यासारखी गोष्ट साड्यांचा रंग नाही. एका शिक्षकाने गावाला काय हवंय ते ऐकलं, ही आहे. कोणत्याही अभियोग्यता चाचणीत ‘ऐकणं’ या क्षमतेला गुण नाहीत. मुलाखतीत देता येतात. उमेदवाराला एवढंच विचारा: तुमच्या गावातल्या कुणाचं म्हणणं ऐकून तुम्ही काही बदललंत का? उत्तरात पालकमेळाव्याचं भाषण आलं तर पुढे जा. एखादा खरा माणूस आला तर थांबा आणि आणखी विचारा.

त्याआधीचा धडा कोसबाडचा. कोसबाडचा डहाणू तालुका आज पालघर जिल्ह्यात आहे, पण १ ऑगस्ट २०१४ पर्यंत तो ठाणे जिल्ह्यातच होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी मुलं बालवाडीत येत नाहीत, हे पाहून त्यांनी बालवाडी पाड्यावर, लोकांच्या अंगणात नेली. गुरं चारायला जाणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. मूल जिथं आहे तिथं शिक्षकाने जायचं, ही गोष्ट त्यांनी कित्येक दशकांपूर्वी याच मातीत करून दाखवली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. आज त्यांची नावं आणि पुरस्कारांची सालं मुलाखतीत सामान्य ज्ञान म्हणून विचारली जातात. त्यांनी काय केलं, ते विचारलं जात नाही. ते विचारा.

पाठ मुलांसमोर घ्या

आता सर्वांत महत्त्वाचं. मुलाखतीत ‘पाठ’ घेतला जातो तो रिकाम्या खोलीत. समोर अध्यक्ष, सचिव, मुख्याध्यापक आणि एखादा विषयतज्ज्ञ. उमेदवार त्यांच्याकडे बघून म्हणतो, ‘मुलांनो, आज आपण अपूर्णांक शिकणार आहोत.’ मुलं नाहीत. चुकीचं उत्तर देणारं कुणी नाही, खिडकीबाहेर बघणारं कुणी नाही. पोहता येतं का हे विहिरीत उतरवल्याशिवाय कळत नाही. तसा शिक्षक मुलांसमोर उभा केल्याशिवाय कळत नाही.

मुलाखत शाळा चालू असताना ठेवा. पंधरा-वीस मुलं बसवा, आणि हुशार मुलं निवडून बसवू नका, वर्ग जसा आहे तसा बसवा. वीस मिनिटं द्या. मग शिक्षकाकडे बघू नका, मुलांकडे बघा. मागच्या रांगेतली किती बोलली? चुकलेल्या उत्तराचं शिक्षकाने काय केलं? फळ्यावरचं अक्षर शेवटच्या बाकावरून दिसलं का? एखाद्या मुलाचं नाव त्याने विचारलं का? वीस मिनिटं संपल्यावर मुलांना विचारा, काय शिकलात? मुलं खोटं बोलत नाहीत.

शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका आईला आणि एका बापाला त्या खोलीत बसवा. जिल्हा परिषदेच्या शाळेत ही समिती कायद्याने आहे. खासगी संस्थेला असं करायला कुणी बंदी केलेली नाही. ज्या आईचं मूल त्या माणसाच्या हातात जाणार आहे, तिला त्याला पाहण्याचा हक्क आहे.

आणि गुण लिहा. नियोजनाला किती, पाठाला किती, बोलण्याला किती, हे आधी ठरवून कागदावर लिहा, सगळ्यांनी सही करा आणि निकालाबरोबर सूचना फलकावर लावा. गुणपत्रक लावायला तयार नसलेल्या संस्थेने मुलाखतीसह भरतीचा पर्याय निवडूच नये.

हाच आग्रह सरकारकडेही. जिल्हा परिषदेत मुलाखत आणा, असं मी म्हणत नाही. तिथं गुणवत्तेच्या यादीने गरिबाच्या मुलालाही नोकरी मिळते, ती वाट बंद करू नका. पण निवड झाल्यावर, आदेश हातात पडण्याआधी, प्रत्येकाला पाड्यावरच्या शाळेत काही आठवडे अनुभवी शिक्षकाच्या शेजारी उभं करा. जिल्ह्याची स्वतःची शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे, केंद्रप्रमुख आहेत. चांगले शिक्षक याच तालुक्यांत आहेत. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या, सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली. आता जुने शिक्षकही गाइड घेऊन बसलेत. परीक्षेचा अभ्यास सगळे करतील. मुलांचा अभ्यास कुणी लावून द्यायचा?

उमेदवारांनो

परीक्षक तयार होईपर्यंत थांबू नका. तुमच्या पुढ्यात चुकीचे प्रश्न आले तरी तुम्ही खऱ्या प्रश्नांची तयारी करा. ती वर्गात गेल्यावर उपयोगी पडेल, मुलाखतीत पडो न पडो.

मुलाखतीआधी गावातल्या शाळेत जा आणि मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन दिवसभर मागे बसा. पहिली-दुसरीची बालभारतीची पुस्तकं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. ती वाचल्याशिवाय मुलाखतीला आलेले उमेदवार लगेच कळतात. एक पाठ असा तयार करा की त्याला चिंचोके, काड्या आणि फळा याखेरीज काही लागणार नाही. वीज गेली, प्रोजेक्टर नाही, अशी वेळ येतेच. तुमच्या पाड्यावरच्या पाच मुलांना बसवून तो पाठ घ्या. चुकेल. परत घ्या.

गावाचं वर्ष समजून घ्या. भाताची लावणी कधी, भट्टीवर जाणं कधी, म्हसा गावची जत्रा कधी, पाणी कधी आटतं. हजेरी याच तारखांना पडते. हे माहीत असलेला शिक्षक मुलावर चिडत नाही, आधीच तयारी करतो. निपुण महाराष्ट्र, अध्ययन निष्पत्ती, ज्ञानरचनावाद हे शब्द वापरायचे तर प्रत्येकाला तुमच्या गावातलं एक उदाहरण जोडा. उदाहरण सापडत नसेल तर शब्द वापरू नका.

‘शिक्षकच का व्हायचंय?’ याचं उत्तर पाठ करू नका. नोकरी हवी आहे, घर चालवायचंय, हेही खरं कारण आहे आणि त्यात लाज नाही. ते सांगा. त्याबरोबर कोणत्या मुलाला काय शिकवताना तुम्हाला आनंद झाला, ते सांगा. दोन्ही खरं असेल तर ऐकणाऱ्याला कळतं.

आणि शेवटी ते विचारतात, ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ तेव्हा ‘नाही सर’ म्हणून उठू नका. विचारा. नेमणूक शिक्षण सेवक म्हणून की तासिका तत्त्वावर? शिक्षण सेवकाचं मानधन १ जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये आहे, तीन वर्षांसाठी. हे आकडे तुम्हाला माहीत आहेत, हे त्यांना कळू द्या. विनाअनुदानित शाळा असेल तर विचारा: सही किती रुपयांवर आणि खात्यात किती? पगार किती तारखेला? मे महिन्याचा मिळतो का? नेमणुकीचं पत्र कधी? मूळ प्रमाणपत्रं कुणी ठेवून घेतो म्हणालं तर देऊ नका. प्रत द्या, मूळ दाखवून परत घ्या. मागच्या पाच वर्षांत या जागेवरून किती शिक्षक सोडून गेले आणि का, हे विचारा.

असे प्रश्न विचारल्याने एखादी नोकरी जाईल. जी जाईल तिथं तुम्हाला पाच-सहा महिन्यांनी रडतच बाहेर पडावं लागलं असतं. ज्या संस्थेत मुलांसाठी काम चालतं, तिथले लोक या प्रश्नांनी चिडत नाहीत. ते खुर्ची पुढे ओढून उत्तर देतात. अशा संस्था शहापुरात आहेत, मुरबाडमध्येही आहेत. बाकीच्यांना तुमच्या प्रश्नांची सवय लावा. जो आपल्या पगाराबद्दल मान वर करून बोलू शकत नाही, तो मुलांना मान वर करून बोलायला कसा शिकवणार?